भिंतीशी बोलणारी राक्षसीण

अमरावती,
ता. ९ नोव्हेंबर १९३७

चि. सौ. रमास,

क्षेमकुशल शेवटी लिहीन. आधी हे वाच, आणि वाचताना तात्या जवळपास नाहीत ना ते बघ. माझे वडील असले तरी तुझे सासरे आहेत, बोलणी तुलाच बसतील.

भाऊबीजेला यंदाही मी चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. दुसऱ्या दिवशी पोरांनी बोलपटाचा धोशा लावला. आमच्याकडे ‘उडता पलंग’ आलाय. ह्यांच्या कोर्टाला सुटी होती, म्हणाले चला. एक राजपुत्र, त्याचा उडणारा पलंग आणि सात समुद्रांपलीकडची राजकन्या, असलं काहीतरी. राजपुत्र म्हणजे तिंबून ठेवलेली कणीक. पुण्याचं शुद्ध बोलतो आणि दर घटकेला पलंगावरून पडतो. मी डुलक्या घेत होते.

मग राक्षसाचं घर आलं आणि राक्षसाची म्हातारी आई आली. काम पुरुषानंच केलंय, लुगडं नेसून, दोन सुळे लावून, डोक्याला तागाच्या जटा. तिनं तोंड उघडलं आणि सगळं थेटर उसळलं, कारण म्हातारी आपलं बोलते. मले, तुले, काहून रे बाप्पा! पडद्यावर असलं बोलणं अमरावतीनं कधी ऐकलं नव्हतं. पुढचा एक गृहस्थ तर खुर्चीवर उभा राहिला. तिथून पुढं राजपुत्राकडे कोणी बघेना. म्हातारी चुलीला शिव्या घालते, पळीनं भांड्याच्या काठावर टकटक करते, आमटी तळहातावर घेऊन चाखते आणि आढ्याकडे बघत जीभ वाजवते.

मीही पोट धरून हसत होते, आणि हसता हसताच मी ह्यांची बाही घट्ट धरली. रमा, ती टकटक आईची आहे. ते आढ्याकडे बघणं आईचं आहे. आपल्या आईला इतकं बघून ठेवणारा जगात एकच माणूस होता. तो नारायण आहे गं. माझा भाऊ जिवंत आहे.

तात्यांनी माघात काय करायचं ठरवलंय ते तुला मी सांगायला नको. बारा वर्षं बेपत्ता असलेला माणूस मेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि त्याच्या बायकोचं, म्हणजे तुझं, कुंकू पुसायचं. पण जो माणूस अमरावतीला रोज तीन खेळांत लोकांना हसवतोय, त्याला जाळणार कसे? बोलपट इथून अकोल्याला जाणार आहे. तू जा आणि डोळ्यांनी बघ. तुझी खात्री झाली की मग तात्यांचं पाहू.

इकडे सर्व ठीक. थोरलीचे दिवस भरत आलेत, म्हणून मला घर सोडता येत नाही.

तुझी वन्सं,
अनुपमा


अकोला,
ता. १७ नोव्हेंबर १९३७

वन्संना रमाचा नमस्कार.

मागं तुमी म्हटलं होतं की बोलतेस तसं लिही, पातूरची पोरगी उगाच पुण्याची होऊ नको. म्हणून तसंच लिहून राहिली.

तुमचं पत्र वाचून मले राग आला. बारा वर्षांत हे कितीदा सापडले ते आठवा. कोणी नाशकाले बैराग्यांत पाहिले, कोणी नागपूरच्या गिरणीत पाहिले. दरवेळी मी न्हाऊन, नवी बांगडी भरून दारात उभी. मामंजी जाऊन यायचे अन् पायरीवरूनच मान हलवायचे. आता तुमी म्हणता राक्षसीण. उद्या कोणी हत्ती म्हणन.

इथं तयारी होऊन राहिली. मामंजींनी माघातला दिवस काढला. पळसाची पानं पातूरहून आणायची म्हणतात, म्हणजे माझ्याच भावानं आणून द्यायची. न्हाव्यालेही सांगून ठेवलं. मामंजी वाईट नाहीत हो. पण भिक्षुकी करता करता बाळापूरच्या एका घरी त्यांनी हेच केलं. त्या सुनेनं पाय धरले, तरी शास्त्र सोडलं नाही. आता स्वतःच्या सुनेले सूट दिली तर त्या पोरीले काय तोंड दाखवू, असं एकदा स्वयंपाकाच्या गंगूबाईंपाशी बोलले. मी आतून ऐकलं.

मी केसांसाठी रडत नाही. केस काय, उवाच होतात त्यात. पण कुंकू पुसलं की वाट पाहणं संपते. विधवेनं कोणाची वाट पाहायची? मले बारा वर्षं दुसरं काही कामच नव्हतं वन्सं. सकाळी उठून मी आधी तेच करते, मंग सडा टाकते. ते काढून घेतलं तर उठायचं कशाले, ते मले समजत नाही.

तुमचं काही ऐकायचं नाही असं ठरवलं आहे. तरी विचारते. वाळले का हो? आवाज तसाच आहे का? अन् ते सुळे लावल्यावर माणसाले जेवता येते का?

रमा


अमरावती,
ता. २४ नोव्हेंबर १९३७

चि. सौ. रमास आशीर्वाद.

रागाव खुशाल, पण प्रश्न विचारलेस, यातच सगळं आलं.

आणखी दोनदा बघून आले. ह्यांनी कपाळाला हात लावला, पण सोबत आले. वाळलाय की नाही ते कळत नाही, लुगड्याच्या आत गाठोडी बांधलीत. आवाज चिरका काढलाय, पण एकदा खोकतो तो त्याचाच खोकला. सुळ्यांचं मला ठाऊक नाही. जेवताना काढत असेल.

गाण्यांचं पुस्तक विकत घेतलं. त्यात राजपुत्राचं नाव आहे, राजकन्येचं आहे, हत्तीचंसुद्धा आहे. म्हातारीचं नाही. सगळं थेटर तिच्यासाठी पुन्हा पुन्हा येतंय आणि तिचं नाव छापायला कोणाला आठवलं नाही. ह्यांनी बोलपट काढणाऱ्या कोल्हापूरच्या कंपनीला पत्र घातलंय. कोर्टाचं विचारलं, तर म्हणतात घरातला धर्मविधी कोर्ट थांबवत नाही. तात्यांनीच थांबवला तर थांबेल.

मला त्या दिवसाचं सारखं आठवतं. गणपतीच्या मेळ्यात लुगडं नेसून नाचला म्हणून तात्यांनी त्याला चारचौघांत मारलं, तेव्हापासून घरात दोघांचं बोलणं बंद. मग माघात तात्यांनी त्याला चांदूर रेल्वेला यजमानाकडे सत्यनारायण सांगायला धाडलं आणि तो तिथं पोचलाच नाही. सगळे म्हणाले वाटेत घातपात झाला. कोणाच्या मनात आलं नाही की तो लुगडंच नेसायला गेला असेल. आई त्याची वाट बघत गेली, हेही त्याला माहीत नसणार. तिकडे तिला नाचवतोय आणि वाटतंय की घरी ती आहे.

अकोल्याला दर बुधवारी दुपारी फक्त बायकांचा खेळ असतो. गंगूबाईंना बरोबर घे. त्या तुमच्या घरी स्वयंपाकाला येतात, तात्या त्यांच्याबरोबर जायला नाही म्हणणार नाहीत. वाती वळायला चाललो म्हणावं. कीर्तनाचं सांगू नकोस, कीर्तनाला ते स्वतः येतील.

अनुपमा


अकोला,
ता. ९ डिसेंबर १९३७

वन्संना नमस्कार.

काल जाऊन आली. 

थेटर बायकांनी भरलेलं. कडेवर पोट्टे, पदरात चणे, सगळ्या एकदमच बोलत होत्या. पलंग उडाला तेव्हा गंगूबाईंनी माझा हात असा धरला की बांगडी वाढवली. मी म्हटलं हा अपशकुन झाला, आता घरी जावं. तेवढ्यात राक्षसाचं घर आलं.

आधी मले काहीच ओळखू येईना. सुळे, जटा, तो चिरका आवाज. टकटक केली, तळहातावर चाखलं, मी म्हटलं हो, सासूबाई असंच करत. पण मीही असंच करते. त्यांच्याच हाताखाली शिकली ना. मंग राजपुत्र कणगीत लपून बसते अन् राक्षस जेवायले येते. तुमाले तो भाग आठवते का? राक्षस पाटावर बसला आहे, म्हातारीले राजपुत्राशी बोलायचं आहे, पण बोलता तर येत नाही. तेव्हा ती पाठ फिरवते, पदर पुढं ओढते अन् भिंतीशी बोलते. “कोणी कणगीत बसलं असन, तर त्यानं खोकू नये म्हना.” राक्षस विचारते, आई, कोणाशी बोलून राहिली? ती म्हणते, भिंतीशी, तुझ्यापेक्षा बरी ऐकते ती. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

वन्सं, सासूबाई कधी भिंतीशी बोलल्या का? त्या तर मामंजींनाही तोंडावर बोलत. भिंतीशी मी बोलत होती. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, मंग भाकरी हवी का हे विचारायचं कसं? मी चुलीकडे तोंड करून भिंतीले सांगायची, कोणाले भूक लागली असन तर भाकरी गरम आहे म्हना. तुमी माहेरी आल्या की निरोप तुमीच नेत, म्हणून तुमाले हे माहीत नाही. तुमाले तिच्यात आई दिसली. पण ती आई नाही. ती मी आहे.

आधी माझं अंग रागानं पेटलं. अख्खं अकोला मले हसून राहिलं होतं. माझी लाज, माझा पदर, माझं चोरून बोलणं सगळ्या गावाले दाखवलं. अन् त्याच रागात मले समजलं की या माणसानं काहीच विसरलं नाही. मी कुठल्या खांद्यावर मान टाकते तेही नाही. माझ्याकडे तर त्यांचा फोटोसुद्धा नाही. बारा वर्षं मले वाटे की मीच एकटी घोकून राहिली.

अजून सांगायचं आहे. राजपुत्र निघते तेव्हा म्हातारी भिंतीले म्हणते, “कोणाले सात समुद्रापल्याड जायचं असन, तर शिदोरी चुलीपाशी आहे म्हना. उपाशी जाऊ नये.” ज्या सकाळी हे गेले, तेव्हा मी असंच म्हटलं होतं. सात समुद्राच्या जागी चांदूर होतं, एवढाच फरक. त्या दिवशी यांनी शिदोरी नेली नाही. ती संध्याकाळपर्यंत चुलीपाशीच होती, मंग मी गाईले घातली. बोलपटात राजपुत्रही विसरते. तर म्हातारी लुगडं खोचून उडत्या पलंगामागं धावते, पडते, उठते, अन् गाठोडं पलंगाच्या खुराले बांधूनच सोडते. तिथं बायका टाळ्या वाजवून राहिल्या होत्या. मी एकटी रडली. गंगूबाई म्हणे, अगं हसायचा खेळ आहे.

आता सांगा मी काय करू. रविवारी हा खेळ उठणार आहे.

रमा


अमरावती,
ता. ११ डिसेंबर १९३७

चि. सौ. रमास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला आधी वाईट वाटलं, ते लपवत नाही. तीनदा जाऊन आईला बघून आले असं समजत होते. भावानं आईला जपून ठेवलंय, म्हणजे माझं माहेर अजून कुठंतरी आहे, असं वाटत होतं. ती तू निघालीस. दिवसभर तुझा हेवा केला आणि मग मनाला समजावलं की बायकोच्या हातात सासूचा हात असतोच, थोडी आई माझीही आहे त्यात.

कंपनीचं उत्तर आलं. हे काम करणारा माणूस तिथं वेगळंच नाव लावत होता. बोलपट पुरा झाल्यावर कोणाशी तरी भांडून लाहोरकडच्या कंपनीत गेला म्हणतात. तिथला पत्ता कळवलाय, खरा असेल तर असेल. नाव दुसरं, म्हणून हे पत्र तात्यांच्या पुढं ठेवून काही उपयोग नाही. न राहवून मी मागच्या आठवड्यात त्यांना लिहिलं होतं, त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, की हसवणाऱ्या राक्षसिणीच्या भरवशावर शास्त्र मोडता येत नाही, आणि बहीण नि बायको यांना हवं तेच दिसतं.

तेव्हा आता तूच बोल. उद्या, पत्र मिळताच. तात्यांशी तू कधी बोलली नाहीस हे मला माहीत आहे, पण बारा वर्षं ज्याची वाट बघितलीस त्याचा पुतळा तुझ्यासमोर जळेल, तेव्हा गप्प बसून काय मिळवशील? पाय धर, रड, काय वाटेल ते कर, पण त्यांना थेटरात ने.

अनुपमा


अकोला,
ता. १५ डिसेंबर १९३७

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र रविवारी सकाळी मिळालं. खेळाचा शेवटचा दिवस. मामंजी पूजा आटपून पानावर बसले होते. पाय धरायचं मले जमलं नसतं, त्या बाळापूरच्या पोरीनं धरले होतेच. मी वाढलं, चुलीकडे तोंड केलं अन् भिंतीले सांगायले लागली. मी बुधवारी कुठं गेली ते सांगितलं. थेटरात काय पाहिलं ते सांगितलं. मले कोणी मधे अडवलं नाही. शेवटी म्हटलं, त्या म्हातारीनं जाणाऱ्याले काय सांगितलं ते मी बोलणार नाही, कारण मले हवं तेच ऐकू येते असं लोक म्हणतात. ज्याले खरं-खोटं करायचं असन त्यानं स्वतःच्या कानानं ऐकावं.

 मी वळून पाहिलं तर मामंजी भात तसाच टाकून हात धुऊन राहिले होते. मले वाटलं झालं, आता घराबाहेर काढतात. तर उपरणं घेतलं, पगडी घातली अन् अंगणातून म्हणे, चला.

दुपारचा खेळ होता. मी बायकांच्या बाजूले बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं, ते पुढं. अकोल्यात त्यांले कोण ओळखत नाही? पोट्टे कुजबुजले, शास्त्रीबुवा पलंगावर बसून उडायले आले. ते ताठ बसून होते. म्हातारी आली, सगळे हसले, ते नाही. ती भिंतीशी बोलली, तेव्हा त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. शिदोरीचं बोलणं झालं तेव्हा मी पडद्याकडे पाहिलंच नाही, मी त्यांच्या पाठीकडे पाहून राहिली. ती पाठ हलून राहिली होती. मले वाटलं हसले. हसले नव्हते.

 घरी येऊन ओसरीवर बसले. मी दाराच्या आत. मंग मामंजी कधी बोलत नाहीत तसे सरळ मले बोलले.

“त्या सकाळी मी देवघरात होतो. तुझं बोलणं भिंतीपलीकडे येत असे, रोज. चांदूरले जायचं असन तर शिदोरी चुलीपाशी आहे, हे मी ऐकलं होतं. तू, मी आणि तो, तिसऱ्यापलीकडे चौथ्याला हे ठाऊक नाही. तुला जे ऐकू आलं ते मलाही आलं.”

मंग उपरण्याची घडी घालत म्हणे, मी त्याच्याशी बोलत नव्हतो, नाहीतर मीच हाक मारून सांगितलं असतं की शिदोरी राहिली.

मी आत गेली अन् खूप रडली, आवाज करून रडली, आजवर कधी रडली नाही तशी.

काल सकाळी देवळाच्या ओट्यावर सगळी भिक्षुक मंडळी बसली होती, तिथं जाऊन त्यांनी सांगितलं की माघातला विधी होणार नाही, माझा मुलगा जिवंत आहे, बोलपटात राक्षसीण होतो. देवीदासभटजी मोठ्यानं हसले म्हणतात. मामंजी त्यांले म्हणाले, हसा, तो हसवायलेच गेला आहे. आज बाळापूरले गेले आहेत. त्या पोरीच्या घरी काय बोलतील, तिले काय परत देतील, ते मले कळत नाही. त्यांलेही कळत नसन. पण गेले.

कुंकू राहिलं वन्सं. तुमच्यामुळं राहिलं. खेळ मात्र सोमवारी पहाटेच्या गाडीनं खामगावले गेला. आता पाहायचं म्हटलं तरी नाही. रविवारी मी पडद्यावर यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, मामंजींच्या पाठीकडे पाहण्यात वेळ गेला. ते राहून राहून मनाले लागते.

लाहोरचा पत्ता पाकिटावर तुमी लिहून पाठवा, त्यांच्या नावासकट. मी ते नाव लिहू शकत नाही.

रमा


अकोला,
ता. २ जानेवारी १९३८

तुमाले नमस्कार.

पाकिटावर तुमचं नाव वन्संनी लिहिलं, आत मी लिहून राहिली. तुमच्याशी मी सरळ कधी बोलली नाही, म्हणून सुरुवात करायले आठ दिवस लागले. तीन कागद चुलीत गेले.

तुमचा खेळ पाहिला. तुमी माझी नक्कल चांगली केली, पण मी इतक्या जोरात पदर ओढत नाही. लोकांना वाटते की ती म्हातारी तुमच्या मनातली आहे. मले माहीत आहे ती कुठली आहे, अन् मामंजींना माहीत आहे. दुसऱ्या कोणाले सांगितलं नाही.

आता बसून वाचा. सासूबाई गेल्या. तुमी गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात. आजार फार नव्हता. शेवटच्या दिवशी मले म्हणाल्या, तो आला की आधी जेवू घाल, मंग बोल. तुमाले हे कोणी सांगितलं नसन, म्हणून मी सांगते. मी जवळ होती, तहानेल्या गेल्या नाहीत.

मामंजी थकले. मेळ्यातलं ते मारणं त्यांच्या मनात आहे. त्यांनी मले हे पत्र लिहायले सांगितलं नाही, पण टाक अन् दौत माझ्या बाजूले ठेवून गेले अन् दोनदा येऊन विचारलं की शाई पुरते का. ते आता तुमच्यावर रागावणार नाहीत. लुगडं नेसून दारात उभे राहिले तरी.

राग माझा आहे. बारा वर्षांचा आहे. तो मी वन्संना सांगितला नाही, भिंतीलेही सांगितला नाही, सगळा तुमच्यासाठी ठेवला आहे. तो ऐकायले तरी या.

रमा